अमेरिकन नोटा आणि नाणी चेहऱ्यावरून कशी ओळखायची

आपल्याला नोटेवरचा चेहरा बघायची सवयच नाही आणि लागणार तरी कशी, दहाची घ्या नाहीतर पाचशेची घ्या, सगळीकडे गांधीजीच. आपण नोट ओळखतो ती रंगावरून आणि मापावरून. पिवळी धमक दोनशेची, करडी पाचशेची, जांभळट शंभराची, गल्ल्यावर बसलेला माणूस तर मान वर न करता वेगळ्या करतो. अमेरिकेत गेलं की हे सगळं शिक्षण वाया. तिकडे एक डॉलरची नोट आणि शंभर डॉलरची नोट एकाच मापाची, साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटर, १९२९ पासून हेच माप चालू आहे, आणि रंग म्हणाल तर अलीकडच्या नोटांवर फिक्या छटा आहेत खऱ्या पण पाकिटात बघाल तर सगळ्या हिरवट-करड्याच वाटतात. बदलतो तो मधला माणूस. म्हणून मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांना आणि पहिल्यांदा शिकायला जाणाऱ्यांना मी एकच सांगते, निघायच्या आधी सात चेहरे नोटांचे आणि चार नाण्यांचे डोक्यात बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता कोणी म्हणेल चारही कोपऱ्यात आकडा छापलेला असतो ना, तो वाचा की. वाचाच, नको कोण म्हणतंय. पण कॅशियर भराभर मोजून गड्डी हातात ठेवतो तेव्हा निम्मे कोपरे एकमेकांखाली दडलेले असतात आणि मागे लाईन लागलेली असते. दुसरं म्हणजे तिथल्या भामट्यांचा एक जुना धंदा आहे, मोठ्या नोटांच्या कोपऱ्यातले आकडे कापून छोट्या नोटेवर चिकटवायचे. कागद खरा, हाताला खरा लागतो, कोपऱ्यात २०, पण मधे बसलाय वॉशिंग्टन. ज्याला चेहरे पाठ आहेत तो फसत नाही, आणि ज्याला पाठ नाहीत त्याने निदान चेहऱ्याखाली बारीक अक्षरात छापलेलं आडनाव वाचावं, ते प्रत्येक नोटेवर असतं.

एकपासून सुरू करू. एक डॉलरवर जॉर्ज वॉशिंग्टन, पहिला राष्ट्राध्यक्ष. कानांवर फुगलेले पांढरे केस, ओठ घट्ट मिटलेले, म्हणजे फोटोग्राफरने हसा म्हटलं तरी हसणार नाही असा. तोंडात कवळी होती त्याच्या, हस्तिदंत आणि माणसांचे दात वगैरे वापरून केलेली (लाकडाची होती म्हणतात ती दंतकथा, अगदी शब्दशः). हे चित्र गिल्बर्ट स्टुअर्ट नावाच्या चित्रकाराने १७९६ मध्ये काढायला घेतलं आणि मुद्दाम अर्धवटच ठेवलं, म्हणजे ते स्वतःकडे ठेवून त्यावरून आणखी कॉप्या काढून विकता येतील, आणि नोटेवर ते चित्र आरशात दिसावं तसं उलटं आलंय. एकच्या नोटेचं रूप १९६३ पासून जवळजवळ तसंच आहे. हिच्यात वॉटरमार्क नाही, धागा नाही, काही नाही, त्यामुळे उजेडात धरून काही दिसलं नाही तर घाबरू नका, एवढ्याशा नोटेची नक्कल करायला कोण बसणार.

दोन डॉलरवर थॉमस जेफरसन. ही नोट चालते, छापतातही अजून, पण हातात फार क्वचित येते कारण लोक ती खर्च न करता जपून ठेवतात. मागच्या बाजूला सगळी मंडळी दाटीवाटीने उभी असलेलं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र आहे, ते १९७६ मध्ये आलं. कोणी सुट्ट्यात दिली तर खोटी समजून परत करू नका, नातवंडांना द्यायला ठेवा.

आता खरी गंमत आणि खरी चूक होण्याची जागा म्हणजे पाच आणि पन्नास. दोन्हीवर दाढीवाले! पाचवर अब्राहम लिंकन, पन्नासवर युलिसिस ग्रँट, आणि घाईत ५ च्या पुढचं शून्य बोटाखाली गेलं की पंचेचाळीस डॉलरला चुना. यावर उपाय सोपा आहे, मिशी बघा. लिंकनला मिशी नाही, वरचा ओठ साफ, दाढी फक्त गालांवरून हनुवटीखाली, गालफडं बसलेली आणि केस जरा विस्कटलेले. ग्रँटला भरघोस मिशी आणि नीट कातरलेली पूर्ण दाढी, चेहरा भरलेला, एकदम रिटायर्ड फौजदार. मिशी असेल तर पन्नास, नसेल तर पाच, एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वसूल. मागची बाजू पण बघता येते, पाचच्या मागे लिंकनचं स्मारक आणि खाली कोपऱ्यात मोठ्ठा जांभळा ५, पन्नासच्या मागे त्यांचं संसद भवन.

लिंकनच्या त्या दाढीची गोष्ट मला आवडते, १८६० च्या निवडणुकीत ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला पत्र लिहून सांगितलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, बरे दिसाल. आणि त्याने ठेवली! त्याआधी त्याला दाढी नव्हती. आणि ग्रँटसाहेब तर आपल्याकडे येऊन गेलेत, राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर जगप्रवासाला निघाले तेव्हा १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले होते, मुक्काम मलबार पॉइंटला, गव्हर्नरच्या बंगल्यात. पुढे १८८४ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या भागीदाराने त्यांना असं बुडवलं की खिशात काही उरलं नाही. ज्या माणसाला पैशाच्या बाबतीत एवढा मोठा फटका बसला त्याला पन्नासच्या नोटेवर बसवलंय.

दहावर अलेक्झांडर हॅमिल्टन. त्याची खूण अशी की तो नोट बघणाऱ्याच्या डावीकडे बघतो, चालू नोटांमधला तसा तो एकटाच. तरणा, देखणा, केस मागे वळवलेले, गळ्याशी झालर. हा राष्ट्राध्यक्ष नव्हता, पहिला अर्थमंत्री होता, कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर जन्मलेला आणि १८०४ मध्ये आरन बर या चालू उपराष्ट्राध्यक्षाबरोबर पिस्तुलांच्या द्वंद्वात गोळी लागून गेला. त्यांच्या अख्ख्या अर्थव्यवस्थेचा पाया घालणारा तो, त्याच्या वाट्याला दहाची नोट, असो.

वीसवर अँड्र्यू जॅक्सन, आणि हा चेहरा तुम्ही सगळ्यात जास्त बघाल कारण एटीएममधून बहुतेक वीसच्याच नोटा पडतात. ओळख म्हणजे केस, कपाळावरून वर उसळलेले, वाऱ्यात उभा असल्यासारखे, आणि लांबुळका हडकुळा चेहरा. मागे व्हाइट हाउस. या गृहस्थांचा कागदी पैशावर अजिबात विश्वास नव्हता, १८३२ मध्ये त्यांनी देशाच्या बँकेची मुदत वाढवायला नकाराधिकार वापरून चाप लावला, आणि १९२८ पासून कागदी नोटेवरच बसलेत. पण जॅक्सनबद्दल खरी नाराजी त्यासाठी नाही, १८३० मध्ये मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून पश्चिमेला पाठवायचा कायदा यांच्याच सहीने झाला आणि पुढे चेरोकी लोकांचे त्या वाटेवर हजारोंनी जीव गेले. म्हणून २०१६ मध्ये तिथल्या अर्थखात्याने जाहीर केलं की वीसवर पुढच्या बाजूला हॅरिएट टबमन येणार, गुलामीतून स्वतः पळून जाऊन पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवणारी बाई. पण त्यानंतर चालढकल चालूच आहे, त्यामुळे सध्या तुमच्या हातात पडेल तो जॅक्सनच.

आणि शंभरवर बेंजामिन फ्रँकलिन. हा पण राष्ट्राध्यक्ष नाही. पुढून टक्कल, बाजूने खांद्यापर्यंत केस, हनुवटीखाली हनुवटी, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुम्ही काय बोलणार ते त्याला आधीच माहीत आहे. फ्रँकलिन धंद्याने छापखानावाला होता आणि ब्रिटिश वसाहतींच्या काळात नोटा छापायचा, नक्कल होऊ नये म्हणून त्याने खऱ्या झाडाच्या पानाचा ठसा घेऊन तो नोटेवर छापायची युक्ती काढली, कारण पानाच्या शिरा हाताने हुबेहूब कोरणं कोणाला जमणार? म्हणजे ज्याने खोट्या नोटांविरुद्ध डोकं चालवलं त्याचाच चेहरा आज ज्या नोटेत सगळ्यात जास्त बंदोबस्त आहे तिच्यावर आहे. हे एक बरोबर जमलंय त्यांना.

हा बंदोबस्त कसा तपासायचा ते शंभरच्या नोटेवर शिकून घ्या, बाकीच्या मग सोप्या आहेत. २०१३ मध्ये आलेली निळ्या पट्टीची नोट घ्या, नखाने फ्रँकलिनच्या खांद्यावर, आपल्या डाव्या बाजूच्या, वरखाली हळू फिरवा. खरखरीत लागलं पाहिजे. गुळगुळीत लागलं तर संशय घ्या. मग नोट उजेडासमोर धरा, उजवीकडच्या रिकाम्या जागेत फ्रँकलिन पुन्हा दिसेल, फिकट, कागदाच्या आतून, आणि दोन्ही बाजूंनी दिसेल. निळी पट्टी छापलेली नसते, कागदात विणलेली असते, नोट पुढेमागे कलती केली की पट्टीवरच्या घंटांचे १०० होतात आणि ते उजवीडावीकडे सरकतात, आणि नोट उजवीडावीकडे कलती केली की ते वरखाली सरकतात. शेजारी तांबूस दौत आहे, तिच्यातली घंटा तांबडीची हिरवी होते. चष्मा चांगला असेल किंवा फोनचा कॅमेरा झूम करता येत असेल तर फ्रँकलिनच्या कोटाच्या कॉलरवर बघा, रेघ वाटते ती रेघ नाही, देशाचं नाव लिहिलंय बारीक अक्षरात.

बाकीच्यांसाठी नियम एकच, आतला चेहरा आणि बाहेरचा चेहरा एकच पाहिजे. दहा, वीस, पन्नास, शंभर या सगळ्यांच्या नव्या नोटांमध्ये उजव्या बाजूला त्याच माणसाचा वॉटरमार्क असतो. हे महत्त्वाचं का, तर भामटे लोक खऱ्या पाचच्या नोटा धुऊन त्यांची शाई काढायचे आणि त्याच कागदावर शंभर छापायचे. कागद अस्सल असल्यामुळे दुकानातल्या त्या मार्कर पेनने रेघ मारली तरी ती पास व्हायची, कारण ते पेन फक्त साध्या कागदातल्या स्टार्चवर काळं पडतं, आणि खऱ्या नोटेचा कागद ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के जवसाच्या धाग्यांचा, त्यात स्टार्च नाहीच. पण उजेडात धरली की बाहेर फ्रँकलिन आणि आत लिंकन! २००८ पासून पाचच्या नोटेत लिंकनऐवजी ५ आकड्याचाच वॉटरमार्क टाकला. धाग्यावर पण लिहिलेलं असतं नोट कितीची ते, आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाचचा धागा निळा, दहाचा केशरी, वीसचा हिरवा, पन्नासचा पिवळा आणि शंभरचा गुलाबी चमकतो, पण तो दिवा आपण काय खिशात घेऊन फिरत नाही, दुकानदाराने वापरला तर कळावं म्हणून सांगितलं.

जुनी नोट मिळाली तर? नव्वदच्या दशकाआधीच्या नोटांवर चेहरा छोटा आणि बरोबर मधे अंडाकृती चौकटीत असतो, आपल्याकडचे मनी चेंजर त्यांना छोट्या डोक्याची म्हणून नाक मुरडतात. अमेरिकेत मात्र १८६१ पासून सरकारने काढलेली कुठलीही नोट आजही चालते. त्यामुळे पुण्या-मुंबईत घेताना मोठ्या डोक्याच्याच मागा, आणि तिकडून परत येताना छोट्या डोक्याच्या तिकडेच खर्चून या.

नाण्यांकडे वळू, आणि इथे चेहऱ्याशिवाय गत्यंतरच नाही कारण यांनी पेनी ते क्वार्टर या रोजच्या चार नाण्यांवर किती सेंट हे आकड्यात लिहिलेलंच नाही. डाइमवर फक्त वन डाइम असं लिहिलंय. नवख्या माणसाने काय समजायचं? वर डाइम म्हणजे दहा सेंट, पण आकाराने पाचच्या निकेलपेक्षा लहान आणि एक सेंटच्या पेनीपेक्षाही लहान. मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

तांबड्या रंगाची ती पेनी, त्यावर लिंकन, १९०९ पासून, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा आलेला, आणि रोजच्या नाण्यावर खऱ्या माणसाचा चेहरा यायची ती पहिलीच वेळ. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वापरातल्या पेनी पाडणं बंद केलंय, पण आधीच्या चालतात. मग निकेल, पाच सेंट, जाडसर, कड गुळगुळीत, त्यावर जेफरसन, २००६ पासूनच्या नाण्यावर तो सरळ आपल्याकडे बघतो, बाकी सगळे बाजूने. डाइम सगळ्यात छोटं आणि पातळ, कडेला बारीक खाचा, त्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट, १९४६ पासून. त्याला पोलिओ होता आणि पोलिओच्या निधीसाठी लोकांनी डाइम डाइम गोळा केले होते म्हणून डाइमच. त्याच्या मानेखाली शिल्पकार जॉन सिनॉकची जेएस अशी आद्याक्षरं आहेत, त्यावरून तेव्हा लोकांनी बोंब मारली की हे जोसेफ स्टॅलिनचं नाव आहे आणि कम्युनिस्टांनी घुसवलंय. म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही फिरायचे, फक्त फोन नव्हते.

क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंट आणि हेच नाणं तुमच्या कामाचं. अपार्टमेंटच्या लाँड्रीला, पार्किंगच्या मीटरला, काही दुकानांत ट्रॉली सोडवायला क्वार्टरच लागतो, बँकेत दहा डॉलर दिले की चाळीस क्वार्टरचा कागदात गुंडाळलेला रोल देतात. पुढे वॉशिंग्टन, १९३२ पासून. मागची बाजू सारखी बदलत असते, १९९९ ते २००८ मध्ये पन्नास राज्यांची चित्रं आली, २०२२ ते २०२५ मध्ये माया अँजेलो, अंतराळवीर सॅली राइड अशा स्त्रियांची. या स्त्रियांच्या क्वार्टरवर वॉशिंग्टनचं तोंड उजवीकडे आहे आणि त्यामागे गोष्ट आहे. तो चेहरा लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंनी १९३२ च्या नाण्यासाठीच केला होता, पण तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून दुसऱ्याचा निवडला, मग नव्वद वर्षांनी यांच्या नाण्याला मान मिळाला. मागची बाजू वेगळी दिसली म्हणून नाणं परत करू नका एवढाच मुद्दा, आणि २०२६ हे त्यांच्या स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष म्हणून त्या सालच्या नाण्यांवर खास डिझाइन्स आहेत, तिथे मापावर आणि कडेच्या खाचांवर जा.

अर्ध्या डॉलरवर केनेडी आहे, दिसत नाही फारसं. सोनेरी डॉलर नाणं कधी मशीनमधून सुट्टे म्हणून खळखळत पडतं, त्यावर पाठीवर बाळ घेतलेली साकाजाविया असते, शोशोनी जमातीची, हिचं तिच्या काळातलं चित्रच नाही त्यामुळे एका शोशोनी तरुणीला मॉडेल म्हणून बसवून चेहरा घडवला.

पोरं हमखास विचारतात की आत्ताचा राष्ट्राध्यक्ष नोटेवर का नाही. कायदाच आहे तसा, १८६६ पासून. झालं असं की यादवी युद्धाच्या काळात नाणी मिळेनात म्हणून सरकार सेंटांच्या छोट्या नोटा काढायचं, आणि नोटांच्या छपाईवरचा अधिकारी स्पेन्सर क्लार्क याने पाच सेंटच्या नोटेवर चक्क स्वतःचा चेहरा छापला. त्याआधी १८६२ मध्ये अर्थमंत्री सॅमन चेसनेही एक डॉलरच्या नोटेवर स्वतःलाच बसवलं होतं, राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा होती त्याची, घरोघरी फुकट प्रचार! क्लार्कच्या प्रकरणावर मात्र काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, भडकली आणि जिवंत माणसाचं चित्र नोटेवर नको असा नियम आला. कटआउट आणि फ्लेक्सच्या गावातून गेलेल्या आपल्यासारख्यांना या नियमाची किंमत जरा जास्तच कळते.

आता निघण्याची तयारी. फिरायला जाताना बहुतेक देशांसाठी एका वेळी तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येते, पण एवढी गरज नसते. मनी चेंजर सगळे फ्रँकलिन देऊन मोकळा होतो, तिथे अडून बसा आणि वॉशिंग्टन व लिंकन मागून घ्या, टॅक्सीवाल्याला नाहीतर हॉटेलात बॅग वर आणून देणाऱ्याला टिप द्यायला शंभरची नोट काय कामाची. बरीच छोटी दुकानं पन्नास आणि शंभर घेतच नाहीत, तशी पाटीच असते दारावर. कोल्ड्रिंकच्या मशीनला नोट घालताना फटीशेजारी चित्र काढलेलं असतं, वॉशिंग्टनचं डोकं कुठल्या बाजूला हवं ते, तशीच घाला, सुरकुती काढून, नाहीतर मशीन जीभ दाखवल्यासारखी नोट बाहेर ढकलत राहतं. नोटा पाकिटात एकाच दिशेने, चेहरे वर, लहान किमतीपासून मोठ्याकडे लावा. आणि तिकडे कोणाच्या मुंजीला किंवा बारशाला गेलात तर आहेराचं गणित तिथेही तेच, एकशे एक म्हणजे एक फ्रँकलिन आणि एक वॉशिंग्टन, एक्कावन्न म्हणजे एक ग्रँट आणि एक वॉशिंग्टन, पाकीट बंद करायच्या आधी मिशी तपासा म्हणजे एक्कावन्नचे सहा व्हायचे नाहीत.

हातात खोटी नोट आलीच तर ती दुसरीकडे खपवायचा विचार करू नका, माहीत असून दिली तर गुन्हा आहे. फार हाताळू नका, पाकिटात वेगळी ठेवा, देणारा कसा दिसत होता ते आठवत असेल तर लिहून ठेवा आणि स्थानिक पोलिसांना कळवा, पुढे हे काम तिथल्या सीक्रेट सर्व्हिसकडे जातं, जी १८६५ मध्ये मुळात खोट्या नोटा पकडायलाच काढली होती. पैसे मात्र परत मिळत नाहीत. आणि नाणी परतीच्या विमानाआधी संपवा, आपल्याकडे मनी चेंजर नाणी घेत नाहीत, सुपरमार्केटच्या सेल्फ चेकआउटवर मूठभर ओतली की मशीन स्वतः मोजून घेतं आणि उरलेलं बिल कार्डवर करता येतं.